शेजारच्या वाट्याचा बांध

सुरुवातीलाच माफी मागतो. शेतीबद्दल लिहिण्याचा मला तसा काही अधिकार नाही. मी कळव्याच्या चाळीत वाढलो. माझ्या हाताने मी कुठलंही पीक काढलेलं नाही, आणि लिहिण्याचं म्हणाल तर परीक्षेच्या उत्तरपत्रिका सोडून मी फारसं काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. त्यामुळे लिहिलेलं बरोबर आहे की चूक, हे घरी कुणाला विचारता येत नाही. वडील मानपाड्याला एका कंपनीत हेल्पर आहेत. मी असं असं लिहितोय म्हणून त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "लिही, पन कोनाचा नाव घालू नको." म्हणून नावं घातलेली नाहीत.

तरी लिहितो आहे, कारण आमच्या आजोळी जे झालं ते लिहिण्याइतकं मोठं आहे असं दुसऱ्या कुणाला वाटलेलं दिसत नाही. तिथे काही कोसळलं नाही, कुणी दगावलं नाही. एका शेताचं बियाणं संपलं, एवढंच. मलाही कधी कधी वाटतं की यात सांगण्यासारखं काय आहे. मग मामाचा चेहरा आठवतो.

भूगोलाच्या सरांनी दुसऱ्या वर्षाला एक प्रकल्प दिलेला. विषय होता, आपल्या आसपासच्या शेतीच्या पद्धती आणि त्या कशा चालतात. वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, आसपास म्हणजे नक्की कुठे? पार्किंगमध्ये?" सरही हसले. म्हणाले, "शोधा. सापडली नाही तर सापडली नाही असं लिहा."

मला मात्र शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या चाळीतून खाली उतरलं की रुळांच्या कडेला भाजीचे वाफे आहेत. मेथी, पालक, लाल माठ, मुळा. ते करणारं कुटुंब उत्तरेकडचं आहे, पत्र्याच्या खोपीत तिथेच राहतं. त्यांची पद्धत अशी, की सगळे वाफे एकदम पेरायचे नाहीत. आज एक, चार दिवसांनी दुसरा. म्हणजे रोज कुठला तरी वाफा काढणीला येतो आणि रोज बाजारात जायला जुडी तयार असते. वाफा रिकामा झाला की लगेच त्यात पुन्हा बी. पाणी नाल्याच्या बाजूला खणलेल्या खड्ड्यातलं. त्या भाजीबद्दल लोक नाक मुरडतात आणि तीच विकत घेतात. मला त्यात लक्षात राहिलं ते वेगळंच. ही शेती एकट्याला करता येते. शेजारच्या वाफेवाल्याशी भांडण झालं तरी पालक उगवायचा थांबत नाही.

दुसरी पद्धत मी स्वतःच्या कामाच्या जागी बघितलेली. मानपाड्याच्या औद्योगिक भागात एका गाळ्यात मी कॉलेज सुटल्यावर काम करतो. तिथे पूर्वी प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं बनायची. आता तिथे लेट्यूस बनतं. उगवतं म्हणायला हवं, पण तिथे काम करणारे सगळे बनतं असंच म्हणतात. पांढऱ्या पाइपांना भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोकात एक रोप, मुळं खाली वाहत्या पाण्यात लोंबकळत असतात. माती नाही. वर दिव्यांच्या रांगा. पाण्यात किती क्षार आहेत ते पेनासारख्या एका यंत्राने मोजायचं आणि कमी-जास्त करायचं, हे माझं काम. ही शेती विजेवर आणि पगारावर चालते. माणसं बदलली तरी तिला काही फरक पडत नाही.

डोंगराच्या बाजूला, कल्याणच्या पलीकडे, मित्राच्या गावी भाताची नेहमीची पद्धत बघितली. आधी राब, म्हणजे जिथे रोपं करायची तिथे पालापाचोळा आणि शेण पसरून जाळायचं. मग पेरणी, मग रोपं उपटून लावणी. लावणीला एका घराची माणसं पुरत नाहीत. आज सगळे याच्या शेतात, उद्या सगळे त्याच्या. तिथे शेजारी लागतो, पण तो चार दिवस लागतो.

आणि चौथी पद्धत माझ्या आजोळची. ती लिहायला बसलो तेव्हा ती चालू होती.

डोंबिवली पश्चिमेच्या पलीकडे, खाडीच्या काठाला माझ्या आईचं माहेर. आजी-आजोबा नाहीत. मामा आणि मामी असतात. मामा सकाळ-संध्याकाळ एका सोसायटीत पाण्याचा पंप सोडायचं काम करतो. उरलेला वेळ खाजणात. खाजण म्हणजे खाडीच्या पाण्याकडून मागून घेतलेली जमीन. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून काठाने चिखलाचा लांबच लांब बांध घातलेला असतो. बांधात एका ठिकाणी लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी रेटा देतं आणि झडप बाहेरच्या बाजूला उघडते. भरतीला बाहेरचं पाणी रेटा देतं आणि तीच झडप बंद होते. ती उघडायला-मिटायला कुणी लागत नाही. लहानपणी मला ती जिवंत वाटायची.

जमिनीत मीठ असतंच. पाऊस लागला की शेतात गोडं पाणी साठू द्यायचं, मीठ त्यात उतरतं, मग ओहोटीला ते पाणी उघाडीतून सोडून द्यायचं. असं बऱ्याचदा करायचं. नांगर घालायचा नाही, नांगरलं की खालचं मीठ वर येतं. लावणीही नाही. घरात बियाण्याला मोड आणायचे आणि ते चिखलात फेकायचं. तांदूळ लाल, दाण्याला लांब कुसळ, काडी माणसाच्या छातीपर्यंत. त्याची भाकरी जड असते, पण दुपारपर्यंत भूक लागत नाही. हा भात थोडा खारेपणा सोसतो. दुकानात मिळणारं कुठलंही बियाणं तिथे टिकत नाही, मामाने दोनदा आणून बघितलेलं. त्यामुळे वर्षाचं बियाणं वर्षाला पिकवावं लागतं. कणगीत ठेवून दोन पावसाळे गेले की त्याला मोड येत नाहीत. गावात आधी बऱ्याच घरांत ते होतं. आता फक्त मामाच्या कणगीत होतं.

आता बांधाबद्दल सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच अडलं.

बांध सगळ्यांचा, पण राखायचा वाटून. ज्याच्या शेताची जेवढी रुंदी, तेवढी बांधाची लांबी त्याच्या वाट्याला. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधाला भोकं पाडतात, भरतीचं पाणी ती मोठी करतं. म्हणून दर वर्षी शिमगा झाला की सगळे आपापल्या वाट्यावर चिखलाचे गोळे घालून तो उभा करायचे. कुणी आजारी असला, बाहेरगावी असला, तर त्याचा वाटा बाकीचे घालायचे. पण त्याने निरोप द्यायला हवा, की घाला. निरोप आल्याशिवाय दुसऱ्याच्या वाट्यावर एक गोळाही टाकायचा नाही. याला कारण आहे. खाजणात हद्दीचे दगड टिकत नाहीत, चिखल त्यांना गिळतो. कुठलं शेत कुणाचं, हे ओळखायची एकच खूण, त्याच्यासमोरचा बांध कोण घालतो. न विचारता दुसऱ्याच्या वाट्यावर माती घालणं म्हणजे त्याचं शेत माझं म्हणणं. हे लहान पोरांनाही माहीत असायचं.

एकेक करून लोकांनी खाजण सोडलं. कुणाला नोकरी लागली, कुणी जमीन विकली. मामाच्या पलीकडच्या बाजूला गावच्या रस्त्याचा भराव आहे, तिकडून धोका नव्हता. अलीकडे एकच शेत उरलेलं, मामाच्या लहानपणच्या सोबत्याचं. तो सोबती आता ठाण्याला मुलाकडे टॉवरमध्ये राहायला गेलेला. गावात असेपर्यंत तो आपला वाटा घालायचा. गेल्यावर दोन वर्षं कुणी घातला नाही आणि त्याच्या वाट्यात, मामाच्या हद्दीला लागूनच, खांड पडली. खांड म्हणजे बांध फुटून झालेली वाट. आधल्या वर्षी तिच्यातून थोडं पाणी आलं आणि मामाचं पीक निम्म्याहून कमी झालं. कणगीत जेमतेम शेत पेरण्यापुरतं बियाणं उरलं. या वर्षी खांड बुजली नाही तर ते बियाणं जाणार, हे मामाला दिसत होतं. मलाही दिसत होतं. खांड बुजवणं चार माणसांचं चार दिवसांचं काम होतं. लागत होता तो फक्त होकार.

शिमगा झाल्यावर मामा मला म्हणाला, "चल, ठाण्याला जाऊन येऊ. तू असलास का लिफ्ट चालवशील."

मामाने इस्त्रीचा सदरा घातलेला. मामीने सुक्या करंदीची, म्हणजे बारीक कोलंबीची, पिशवी दिलेली, सोबत्याला आवडते म्हणून. टॉवरच्या गेटवर वॉचमनने पिशवीकडे बघून नाक आक्रसलं, "अंकल, इसमें क्या है? बहुत स्मेल मार रहा है." मामा म्हणाला, "परफ्युम हाय. तुला पाहिजे काय?" वॉचमनला कळलं नाही, पण त्याने सोडलं.

सोबत्याने दारातच मामाला मिठी मारली. "ये रे ये! तुजा पाय चिखलातून सुटला कसा?"

"तुजा सुटला ना, मंग माजा पन सुटला."

"माजा कंचा सुटतंय. इकरं फरशीवर चालतू नि पाय घसरतान." तो हसता हसता खोकायला लागला. सुनेने पाणी आणून दिलं. करंदीची पिशवी बघून ती हळूच गॅलरीत ठेवून आली. पण आमच्यासमोर शेव आणि चहा मात्र तिने मनापासून ठेवला. "मामा, घ्या ना. घे रे तू पण. काय शिकतोस?" मी भूगोल म्हटल्यावर ती म्हणाली, "अरे वा," आणि पुढे काय विचारावं ते तिला सुचलं नाही.

दोघं म्हातारे बराच वेळ कुणाकुणाच्या आठवणी काढत बसले. मग मामा विषयावर आला. "तुज्या वाट्याला खांड परली हाय. मोठी हाय. हात लावू का?"

सोबत्याने मुलाकडे बघितलं. मुलगा लॅपटॉप घेऊन बाजूच्या खुर्चीवर बसलेला. तो अदबीने म्हणाला, "काका, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण जागेचं एका पार्टीशी बोलणं चालू आहे. आत्ता तिथे कुणी काम काढलं की ते लोक शंभर प्रश्न विचारतात. जरा विचार करून सांगतो."

"मना चार गोले टाकाचे हाय रे पोरा. इमारत नाय बांधाची."

"हो काका, कळतंय मला."

सोबती म्हणाला, "मी निरोप देतू तुना. विचार करून देतू." मुलाने मामाचा मोबाइल नंबर घेतला. आपला दिला नाही, आणि आम्हालाही मागायचं सुचलं नाही.

लिफ्टमध्ये मामा खूश होता. "नाय बोलला नाय."

मी म्हटलं, "हो पण नाही बोलला."

"निरोप देतू बोलला. त्याचा निरोप कदी चुकला नाय. तुना नाय म्हाईत."

मग वाट बघणं सुरू झालं. मामाचा मोबाइल एरवी खुंटीवरच्या पिशवीत असायचा, तो आता त्याच्या वरच्या खिशात आला. पंप सोडायला गेला की मामीला सांगून जायचा, माझी रेंज गेली तर तुझ्या फोनवर येईल. मी शनिवार-रविवार तिकडे जायचो. फोन आला का, हे विचारायचं मी नंतर बंद केलं.

मामाने आपला वाटा घालायला घेतला. मी घमेली वाहिली, त्याहून जास्त काही मला जमलं नाही. मामा चिखलाची ढेकळं कापायचा, एकावर एक रचायचा, पायाने दाबायचा, हाताच्या तळव्याने वरून पुसायचा. घराची भिंत सारवावी तसा तो बांध दिसायला लागला. आणि जिथे त्याची हद्द संपत होती तिथे, अगदी सरळ रेषेत, तो थांबला. तिथून पुढे पावलाच्या अंतरावर खांड. ओहोटीलाही तिच्यातून पाणी झिरपत होतं.

मी म्हटलं, "मामा, इथे बघायला कोण येतंय? घालून टाक."

"आपून हाव ना बघाला."

"अरे पण त्याने नाही म्हटलेलं नाही."

"हाव पन नाय बोलला." त्याने माझंच वाक्य मला दिलं आणि फावडं धुवायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "तो गावात नाय. असता तं येऊन भांडला असता माज्याशी, नि मी ऐकला असता. नसलेल्या मानसाच्या वाट्यावर माती घातली का लोक काय बोलतील? त्यानं पाठ फिरवली नि यानं शेत खाल्ला."

मामी भाकरी घेऊन आलेली. ती म्हणाली, "शेत खायाला खारा पानी बसलाय. तुमची कशाला वाट बघंल तो?"

मामीने भाकरी सोडली, कांदा फोडला आणि मला म्हणाली, "यांना सांगून काय उपेग नाय. यांच्या बापाच्या टायमाला असाच एक जन मेला तरी त्याच्या पोराचा निरोप येईस्तवर थांबलेलं." मग तिने मामाकडे बघितलं आणि त्याच्या भाकरीवर चटणी जरा जास्त घातली.

"पुन्हा जाऊ या का ठाण्याला?" मी विचारलं.

"एकदा मागितला. दोनदा मागितला का त्याला वाटंल मी मागं लागलू. विकाच्या टायमाला अडवतू."

मला त्या वेळी राग आलेला. आता राग येत नाही, पण त्याच्या जागी काय येतं ते मला नीट सांगता येणार नाही. मामा चुकीचा होता असं मला म्हणवत नाही. ती पद्धत अशीच चालते. एकमेकांच्या वाट्याला हात लावायचा नाही, म्हणूनच इतकी वर्षं त्या चिखलात कुणाची जमीन कुणी बळकावली नाही. फक्त ती पद्धत चालायला समोरचा माणूस बांधावर असावा लागतो. रुळाकडेच्या पालकाला तो लागत नाही, गाळ्यातल्या लेट्यूसला तर नाहीच नाही.

आषाढात मामाने बियाण्याला मोड आणले. थोडं राखून ठेवू या असं मामी म्हणत होती. पण आधीच कमी, त्यात चिंबोऱ्या आणि पाखरं खाणार, विरळ पेरलं तर हाताला काहीच लागणार नाही, असं मामाचं म्हणणं. आणि ठेवून तरी काय, ते पुढच्या वर्षी उगवेल याची खात्री नाही. त्याने सगळं पेरलं. खांडीच्या तोंडाशी, पण आपल्या हद्दीच्या आत, त्याने गोण्यांत चिखल भरून एक अर्धगोल आडोसा केला. तो नियमात बसत होता. काही दिवस तो टिकलाही. शेत हिरवं झालं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि सरांना दाखवला, सर म्हणाले, "छान, हा प्रकल्पात लावा."

श्रावणातल्या अमावास्येला उधाण आलं. गोण्या गेल्या. खांडीची वाट झाली आणि खाडी सरळ शेतात आली. ओहोटीला उघाडीतून जेवढं बाहेर जायचं त्याच्या दुप्पट पुढच्या भरतीला आत यायचं. मी गेलो तेव्हा मामा बांधावर उकिडवा बसलेला. मी गाळ्यातून ते पेनासारखं यंत्र विचारून आणलेलं. पाण्यात बुडवलं तर आकडाच येईना, नुसत्या रेघा, म्हणजे त्याला मोजता येणार नाही इतकं खारं. मामाने बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. "खारा." यंत्राचं आणि त्याचं एकमत होतं.

भाताची टोकं आधी पिवळी झाली, मग गवतासारखी पांढरी. हा भात खारेपणा सोसतो म्हणजे थोडा सोसतो.

मामीने गुडघाभर पाण्यात उतरून त्यातल्या त्यात बरी दिसणारी रोपं उपटली. काही घरामागे फुटक्या टबात लावली, नळाचं पाणी घालून. काही ओल्या गोणपाटात गुंडाळून मला दिली. "तुज्या कंपनीत गोडा पानी हाय ना? लाव तिकरं. एका रोपाला चार लोंब्या आल्या तरी झाला."

मला ती आयडिया खरंच पटली. आठवून वाईट वाटतं, इतकी पटली. गाळ्यातला सुपरवायझर कल्याणचा, मनाने चांगला. गोणपाट बघून म्हणाला, "अरे, सॅलडमध्ये भात घालणार काय?" पण त्याने कोपऱ्यातली चार भोकं मला दिली. रोपांनी जीव धरला. पंधरवड्यात गडद हिरवी झाली. मी रोज मामीला फोटो पाठवायचो, ती शेजारच्या पोरीकडून मला हाताचे अंगठे पाठवायची. टबातली रोपं तोवर मेलेली. टबाच्या मातीतही खाजणातलाच चिखल होता.

गाळ्यातला भात वाढत राहिला. दिव्याला टेकला, वाकला, पुन्हा वाढला. दसरा गेला, दिवाळी आली, मित्राच्या गावी कापणीही झाली. माझ्या रोपांना लोंबी येईना. सरांना विचारलं. त्यांनी एका दुसऱ्या सरांना विचारलं आणि मग मला सांगितलं की असे जुने भात रात्र मोठी झाली की फुलतात. पावसाळा संपत आला, अंधार वाढला, की त्यांना कळतं आता पोटरीत यायचं, लोंबी धरायची. मग सरांनी विचारलं, तुमच्या गाळ्यात दिवे किती वेळ असतात?

आमच्या गाळ्यात दिवे जवळजवळ बंदच होत नाहीत. लेट्यूसला तेच हवं असतं.

एक रांग एका बटणावर आहे, कोपरा वेगळा बंद करता येत नाही. मी निघताना रोपांवर पुठ्ठ्याचं खोकं घालून बघितलं. दुसऱ्या दिवशी मी जाईपर्यंत सकाळच्या पाळीतल्या माणसाने ते काढून ठेवलेलं असायचं, हवा लागत नाही म्हणून. मी त्याला समजावलं, त्याने "हां हां" म्हटलं, आणि पुन्हा काढलं. तसाही उशीर झालेला. मग तुळशीसारख्या एका पाल्याची ऑर्डर वाढली आणि सुपरवायझर म्हणाला, "भाई, आता भोकं लागतील." मी ती रोपं स्वतःच उपटली. मुळं पांढरीशुभ्र होती, इतकी चांगली मुळं मी खाजणात कधी बघितली नव्हती. लोंबी एकही नव्हती.

शेतात जे काही उभं राहिलं होतं त्याला लोंब्या आल्या, पण उशिरा आणि हलक्या. मामाने त्या कापल्या, झोडल्या. मी तिथे होतो. मामी सूप घेऊन अंगणात उभी राहिली आणि पाखडायला लागली. कोंडा उडतो आणि दाणा सुपात राहतो. तिने पाखडलं, आणि सगळंच उडून गेलं. तिने पुन्हा घेतलं, जरा हळू पाखडलं. तेही उडालं. मामा ओट्यावर बसून बघत होता. तो म्हणाला, "बस कर, डोल्यात जातंय." मामीने पदराने डोळे पुसले. कोंडा गेला असेल.

मामा नंतर खाडीकाठच्या दोन-तीन गावांत जाऊन आला, कुणाकडे हे बियाणं शिल्लक आहे का बघायला. एका ठिकाणी म्हातारीने कणगी उघडून दाखवली, आत मुलाच्या हेल्मेटचं खोकं होतं.

आता मामाच्या शेतात भरती-ओहोटी सुरू आहे. काठाला तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं आली आहेत, गुडघ्याएवढी. ती एकदा उगवली की तोडता येत नाहीत, कायदा आहे. सरांनी सांगितलं की तिवरं किनारा धरून ठेवतात, त्यांना तोडू नये हेच बरोबर. मी वहीत तसंच उतरवून घेतलं. बरोबर असेलच. मामाने घातलेला बांध मात्र अजून उभा आहे, त्याच्या वाट्याएवढाच, दोन्ही बाजूंना पाणी. मामा पंप सोडून आला की आता घरातच असतो. टीव्ही बघतो. टीव्ही लावलेला नसला तरी तिकडेच बघतो. मोबाइल पुन्हा खुंटीवरच्या पिशवीत गेला आहे.

सोबत्यावर तो रागावलेला नाही. निदान बोलून दाखवत नाही. एकदाच म्हणाला, "नाय द्याचा होता तं नाय सांगाचा. तेवरा तरी करायचा." माणसं टॉवरमध्ये गेली की बदलतात, असं मी म्हणालो. त्यावर त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मला वाटतं शेत गेल्यापेक्षा ते त्याला जास्त लागलं. ज्याचा निरोप कधी चुकला नाही, त्याने मामाला एका निरोपाच्या लायकीचं धरलं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी मी गाळ्यात पाणी मोजत होतो तेव्हा मामीचा फोन आला. मामी कामाशिवाय फोन करत नाही. जेवलास का, आई कशी हाय, असं सगळं विचारून झालं तरी ती फोन ठेवेना. मी विचारलं, "मामी, काय झालं?"

"तुज्या मामाला आताच सांगू नको," ती म्हणाली. "मी पन नाय सांगितला. काल गावात हल्दीला गेलती. यांच्या त्या सोबत्याची सून आलती ठान्यावरशी, तीच आपनहून माज्या बाजूला येऊन बसली."

"मग?"

"मना विचारते, 'मामी, तुमच्या बांधाचं काम झालं ना हो तेव्हा? बाबांनी त्याच संध्याकाळी सांगितलेलं, घालू दे म्हणावं माती. ह्यांना म्हणाले, फोन कर लगेच, तो वाट बघत असेल. ह्यांनी केला होता ना फोन?'"